माल बंड करत नाही

एकोणीस वर्षं मी न्हावाशेव्याला क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या धंद्यात काढली, त्यामुळे 'माल' आणि 'नग' हे दोन शब्द तोंडात असे बसलेत की बायको म्हणते लग्नाच्या पंगतीत सुद्धा हा माणूस विचारेल किती नग जेवले. मालाचे कागद, मालाचा विमा, माल भिजला, माल सडला, माल कमी उतरला, हेच आयुष्य. सुरुवातीच्या वर्षांत कंपनीने आम्हाला मरीन इन्शुरन्सच्या ट्रेनिंगला बसवलं होतं, तिथे शिकवणाऱ्या सरांनी 'जेटिसन' समजावून सांगितलं. म्हणजे जहाज बुडायला आलं की ते वाचवायला थोडा माल समुद्रात टाकायचा आणि त्या मालाची भरपाई मागायची. नियम फार जुना आहे, रोमन लोकांच्या काळापासूनचा. मग सर चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, यावर एक इंग्लंडची गाजलेली केस आहे, त्यात माल म्हणजे माणसं होती. आणि पुढच्या टॉपिकवर गेले.

मी काही पुढे गेलो नाही. ती केस कित्येक वर्षं डोक्यात राहिली, नंतर जमेल तसं वाचत गेलो. आणि हल्ली गुलामीच्या भरपाईचा विषय निघाला की आपल्याकडची शिकलेली माणसं पण जे म्हणतात, "अहो त्या काळी तसंच होतं, त्यांना बिचाऱ्यांना कळत नव्हतं, आजच्या चष्म्यातून कशाला बघायचं", ते ऐकलं की माझ्यातला कागदं तपासणारा माणूस जागा होतो. कारण कागद वेगळंच सांगतात. त्यांना पूर्ण कळत होतं, आणि कळत असूनच त्यांनी तसं लिहिलं.

आधी केस सांगतो. जहाजाचं नाव झोंग. मूळचं डच जहाज, नाव झोर्ग, डच भाषेत त्याचा अर्थ 'काळजी' (हे मी बनवून सांगत नाहीये). 1781 च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी ते पकडलं तेव्हा त्यावर 244 माणसं आधीच कोंडलेली होती, ती जहाजाबरोबरच विकली गेली. घेणारे लिव्हरपूलचे व्यापारी, त्यांचा म्होरक्या विल्यम ग्रेगसन, जो आधी लिव्हरपूलचा मेयर होऊन गेलेला होता. म्हणजे चाचे-बिचे नाहीत, गावात ज्यांना लोक वाट देतात अशी प्रतिष्ठित मंडळी. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड, धंद्याने जहाजावरचा डॉक्टर, स्वतःच्या हाताखाली जहाज ही पहिलीच वेळ. जहाज 110 टनांचं, आणि त्यावर भरली 442 माणसं. त्या काळच्या त्या धंद्याच्या हिशोबाने सुद्धा हे दुपटीपेक्षा जास्त होतं. आणि खलाशी सतरा. विमा उतरवला 8000 पौंडांचा, डोक्यामागे 30 पौंड.

जहाज सप्टेंबरमध्ये जमैकाच्या दिशेने निघालं, नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत साठच्या वर गुलाम आणि काही खलाशी रोगाने मेले होते. जमैका दिसलं पण ते दुसरंच बेट आहे असं समजून पुढे गेले, चूक लक्षात आली तोवर बरंच लांब गेलेले. मग पाणी पुरणार नाही असं कारण सांगून 29 नोव्हेंबरला 54 बायका आणि मुलं केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात टाकली. दोन दिवसांनी 42 पुरुष. पुढच्या काही दिवसांत अजून 36. ते बघून दहा जणांनी स्वतःहून उड्या टाकल्या. मध्ये 1 डिसेंबरला पाऊस पडला, पिंपं भरली, तरी टाकणं थांबलं नाही. 22 डिसेंबरला जहाज जमैकाला लागलं तेव्हा 208 माणसं जिवंत होती आणि पाणी शिल्लक होतं 420 गॅलन.

पाणी शिल्लक होतं हे एकदा नीट डोक्यात घ्या आणि मग विम्याचा कायदा बघा.

त्याच वर्षी, म्हणजे 1781 मध्येच, जॉन वेस्केट नावाच्या माणसाने लंडनमध्ये विम्याच्या नियमांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात गुलामांबद्दल स्पष्ट लिहिलंय की जहाज बुडालं, शत्रूने पकडलं, टाळता न येणारा अपघात झाला तर विमेवाला भरपाई देईल, पण 'नैसर्गिक मृत्यू' झाला तर नाही. आणि नैसर्गिक मृत्यू म्हणजे काय? रोगाने मेला तो तर झालाच, पण निराश होऊन स्वतःचा जीव दिला तर तो पण नैसर्गिकच. आमच्या धंद्यात याला इनहेरंट व्हाइस म्हणतात, मालाचा अंगभूत दोष. हापूसचा कंटेनर दुबईला जाताना आंबा आपोआप पिकून सडला तर साधी पॉलिसी पैसे देत नाही, कारण सडणं हा आंब्याचा स्वभावच आहे. तसं, बायकापोरांपासून तोडून साखळीत घातलेल्या माणसाने जगायची इच्छा सोडली तर तो त्याचा स्वभावदोष! मालक पण जबाबदार नाही, विमेवाला पण नाही.

मग कॉलिंगवूडचा हिशोब सरळ आहे. आजारी माणूस जहाजावर मेला की मालकाचं नुकसान. तोच माणूस "बाकीचा माल वाचवण्यासाठी" समुद्रात टाकला की विमेवाल्याचं नुकसान, डोक्याला 30 पौंड. कोर्टात साक्षीतून जे बाहेर आलं त्यावरून हा हिशोब लपून राहण्यासारखा नव्हताच.

केस उभी राहिली ती खुनाची नाही बरं का. विमेवाल्यांनी पैसे द्यायला नकार दिला म्हणून ग्रेगसन मंडळींनीच दावा लावला. ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट, मार्च 1783, लंडनचा गिल्डहॉल. ज्यूरीने निकाल मालकांच्या बाजूने दिला, द्या म्हणाले पैसे. विमेवाले वर गेले, मे महिन्यात सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डसमोर सुनावणी झाली. तेव्हा मॅन्सफिल्ड म्हणाले की हे ऐकून धक्का बसतो खरा, पण ज्यूरीच्या दृष्टीने गुलामांची ही केस म्हणजे घोडे समुद्रात टाकल्यासारखीच होती. आणि मालकांच्या बाजूने उभे होते जॉन ली, सरकारचे सॉलिसिटर जनरल. त्यांचा युक्तिवाद असा की हे काळे लोक म्हणजे माल आहे, मालमत्ता आहे, इथे खुनाची भाषा करणं म्हणजे वेडेपणा. मॅन्सफिल्डने पाण्याचा आणि पावसाचा पुरावा ऐकून पुन्हा खटला चालवायला सांगितलं पण तो चालल्याची काही नोंद नाही. कॉलिंगवूड जमैकाला पोचल्यावर तीन दिवसांतच मेलेला, जहाजाची लॉगबुक गायब. खुनासाठी एकाही माणसाला कधी कोर्टात उभं केलं गेलं नाही.

आणि या मॅन्सफिल्डच्याच घरात त्या वेळी त्यांच्या भाच्याची मुलगी रहात होती, डायडो एलिझाबेथ बेल, आई आफ्रिकन गुलाम. तिला घरातलीच म्हणून वाढवलेली. म्हणजे हा न्यायाधीश सकाळी जिच्या हातचं पत्र किंवा चहा घेत असेल तिच्या आईच्या माणसांना दुपारी कोर्टात घोड्यांच्या रांगेत बसवत होता, आणि तरी आपण म्हणायचं की त्यांना कळत नव्हतं?

आता माझा मुख्य मुद्दा. कोर्टाचं सोडा, वकील पैसे घेऊन काहीही बोलतात. तुम्ही जहाजच बघा. कुठलंही जहाज बघितलं की त्यावर काय माल जाणार आहे हे आम्हाला कळतं. धान्याचं वेगळं, तेलाचं वेगळं, मासळीचं वेगळं. गुलामांच्या जहाजावर काय असायचं? डेकच्या मधोमध आठदहा फूट उंच लाकडी भिंत, तिला एक छोटं दार, आणि भिंतीवर छोट्या तोफा, ज्यांचं तोंड समुद्राकडे नाही, स्वतःच्याच डेककडे. जहाजाच्या दोन्ही बाजूंना जाळी, कुणी उडी मारू नये म्हणून. पुरुषांना दोघादोघांना पायात पाय घालून बेड्या. आता मला सांगा, तांदळाच्या पोत्यावर तोफ रोखलेली कुणी बघितलीये का? कापसाची गासडी उडी मारेल म्हणून कुणी जाळी लावतं?

1787 मध्ये थॉमस क्लार्कसन गुलामीविरुद्ध पुरावे गोळा करत लिव्हरपूलला गेला, तिथे एका दुकानात उघड्यावर विकायला ठेवलेल्या बेड्या, अंगठे आवळायचे स्क्रू आणि कात्रीसारखं एक हत्यार त्याला दिसलं. हे कशाला म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला गुलाम जेवायला नकार देतात, दातखिळी बसवून घेतात, तेव्हा हे दातांत घालून स्क्रू फिरवायचा आणि तोंड उघडून घास कोंबायचा. क्लार्कसनने ते सगळं विकत घेतलं, पुरावा म्हणून. म्हणजे उपोषण. ज्याला आपण पुढे सत्याग्रहाच्या गोष्टींत मान दिला ते जहाजाच्या तळघरात ती माणसं करत होती, आणि ते मोडायचं हत्यार बाजारात तयार मिळत होतं. मागणी होती म्हणूनच दुकानात होतं ना.

रोज डेकवर आणून चाबकाच्या धाकावर नाचायला लावायचे, हातपाय आखडू नयेत म्हणून. गाणं म्हणायला लावायचे. अलेक्झांडर फाल्कनब्रिज नावाचा डॉक्टर अशा चार फेऱ्या करून आला आणि 1788 मध्ये त्याने लिहिलं की आमांशाची साथ आली की खालच्या डेकची जमीन रक्ताने आणि आंवेने इतकी भरायची की खाटीकखान्यासारखी दिसायची. हवा एवढी कोंडलेली की हा धडधाकट डॉक्टर पंधरावीस मिनिटांत चक्कर येऊन पडायला आला, सदरा काढून खाली गेलेला असताना. आणि तिथे ती माणसं महिना दोन महिने आडवी.

एकूण आकडे तर आता बऱ्यापैकी पक्के आहेत, चार शतकांतल्या हजारो फेऱ्यांच्या नोंदी जुळवून काढलेले. साधारण सव्वा कोट माणसं आफ्रिकेत जहाजांवर चढवली, एक कोट सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. मधले अठरा लाख समुद्रात. आणि अंदाजे दर दहा फेऱ्यांमागे एकीवर बंड झालं. दहात एक! बंडाचा धोका विम्याच्या पॉलिसीत लिहिलेला असायचा, वेगळा धोका म्हणून. ज्या कागदावर वर 'माल' लिहिलंय त्याच कागदावर खाली 'बंड झाल्यास' असं लिहिलंय, म्हणजे लिहिणाऱ्याला आपण खोटं लिहितोय हे माहीत होतं. माल बंड करत नाही. मालाला कंटाळा येत नाही, माल उपाशी राहून मरायचं ठरवत नाही. माल म्हटल्यामुळे ती माणसं काही माल झाली नाहीत, पण माल लिहिल्यामुळे पुढचं सगळं कायदेशीर झालं.

'नग' या शब्दाचंच बघा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांकडे गुलाम मोजायचं एक माप होतं, पेसा दा इंडिया, म्हणजे शब्दशः 'हिंदुस्थानी नग'. धडधाकट तरुण पुरुष म्हणजे एक नग. बाई, म्हातारा, पोर, दात पडलेला, म्हणजे नगाचा भाग. 1713 मध्ये इंग्लंडला स्पेनकडून त्यांच्या अमेरिकेतल्या वसाहतींना गुलाम पुरवायचा जो ठेका मिळाला तो माणसांत नव्हताच लिहिलेला, वर्षाला 4800 नग असा होता, तीस वर्षं. आणि यातलं 'इंडिया' कुठून आलं तर एका माणसाच्या बदल्यात जे हिंदुस्थानी कापड मोजलं जायचं त्यावरून, असं काही अभ्यासक मानतात. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ पुस्तक मिटून बसलो.

कारण इथे आपण पण येतो, आणि हे आपल्याला आवडत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला काय लागायचं? दारू, बंदुका, लोखंड, आणि कापड. त्या कापडातला मोठा हिस्सा सुरत-गुजरातकडचं आणि मद्रासच्या किनाऱ्यावरचं. युरोपियन कापड तिथल्या गिऱ्हाइकांना पसंत नसायचं, रंग टिकत नाही म्हणून. आणि चिल्लर म्हणून कवड्या, मालदीवच्या, बंगालमार्गे जहाजाच्या तळाला वजन म्हणून युरोपात जाणाऱ्या आणि तिथून आफ्रिकेत. आपण ज्याला कवडीमोल म्हणतो ती कवडी. विणकर बिचारा काही गुन्हेगार नाही, त्याला माहीत पण नसणार आपल्या ताग्याचं पुढे काय होतंय. पण "हा गोऱ्यांचा प्रश्न, आपला काय संबंध" हे जे आपण हात झटकतो ते तेवढं सोपं नाहीये.

आणि अरबी समुद्रातला व्यापार तर अटलांटिकपेक्षा जुना. मोझांबिकहून गोव्याला, दमणला, दीवला पोर्तुगीजांनी माणसं आणली, गोव्यात ती घराघरांत राबत होती. त्याआधीपासून हबशी दख्खनमध्ये विकले जात होतेच. इथे लगेच कुणीतरी मलिक अंबर काढतो: बघा आमच्याकडे गुलाम पण अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी होऊ शकत होता, शहर वसवू शकत होता. हो होऊ शकत होता, आणि हा फरक खरा आहे, जमैकाच्या उसाच्या मळ्यात असला मलिक अंबर होणं अशक्यच होतं, तिथे गुलामाचं पोर जन्मतःच गुलाम आणि कातडीचा रंग म्हणजेच कायदा. पण मलिक अंबर घोड्यावर बसायच्या आधी पोरवयात इथिओपियात विकला गेला होता आणि मग पुन्हा पुन्हा विकला गेला, त्या विक्रीचा अभिमान आपण कशाला बाळगायचा? जे मलिक अंबर झाले नाहीत त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

"आफ्रिकन लोकांनीच आफ्रिकन लोकांना विकलं" हा दुसरा आवडता मुद्दा. विकलं, खरंय. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेच्या राजाने विकलं, अजून कितीतरी जणांनी. पण या वाक्यातला 'आफ्रिकन' हा शब्दच तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हता, ते शत्रूच्या गावातल्या माणसांना विकत होते, जसं आपल्याकडे एका गावच्या पाटलाने दुसऱ्या गावची माणसं पकडून द्यावीत. आणि चोरीचा माल घेणारा कोर्टात उभा राहून "विकणारा पण चोरच होता साहेब" म्हणाला तर तो सुटतो का?

आता 'त्या काळी तसंच होतं'. झोंगची बातमी इंग्लंडमध्ये पोचवली कुणी? ओलाउदा इक्वियानोने, जो स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पैसे भरून सुटलेला माणूस. 19 मार्च 1783 ला तो गुलामीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पच्या दारात गेला आणि सांगितलं की असं असं झालंय. शार्पने कोर्टात लघुलेखक बसवून सुनावणीचा शब्दन् शब्द उतरवून घेतला, नौदलाच्या वरिष्ठांना लिहिलं की हा खून आहे, चौकशी करा. उत्तर नाही. म्हणजे त्याच शहरात, त्याच महिन्यात, त्याच कागदांवरून एका माणसाला खून दिसत होता आणि दुसऱ्याला घोडे. काळ दोघांचा एकच होता की. 'त्या काळी' म्हणताना आपण नेहमी मालकांचा काळ धरतो. तळघरात साखळीत असलेला माणूस पण त्याच काळातला होता, त्याचं मत काय होतं ते जाळीवरून कळतंच.

सुधारणा झाल्या त्या पण बघण्यासारख्या आहेत. 1788 ला डॉल्बेनचा कायदा आला, टनामागे किती माणसं भरायची याची मर्यादा घालणारा. त्यानुसार लिव्हरपूलच्या ब्रूक्स नावाच्या जहाजाला 454 ची परवानगी होती. गुलामीविरोधी लोकांनी त्या जहाजाचा नकाशा छापला, आत आडवी मांडलेली बारीक बारीक काळी माणसं, पुरुषाला सहा फूट बाय सोळा इंच, बाईला दोन इंच कमी लांबी, पोराला पाच फूट बाय चौदा इंच. तो नकाशा जगभर गेला, आजही शाळेच्या पुस्तकांत असतो. त्यात 482 माणसं बसवलीत आणि जागा शिल्लक नाही, आणि याच जहाजाने आधी एकदा 609 नेली होती. मला त्या नकाशाबद्दल थोडं वाकडं वाटतं, खरं सांगतो. त्याने लोकांचं मन हललं हे मान्य, पण तो नकाशा म्हणजे आमचा स्टोवेज प्लॅनच आहे हो, माल कसा रचला ते. विरोध करणाऱ्यांना पण ती माणसं दाखवायला मालाचाच नकाशा काढावा लागला, चेहरा एकालाही नाही. आणि त्याच कायद्यात बक्षीस होतं: फेरीत शंभरातली दोनच्या आत मेली तर कप्तानाला 100 पौंड आणि डॉक्टरला 50, तीनच्या आत मेली तर त्याच्या निम्मे. तूटफूट कमी ठेवल्याचा बोनस, आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना देतात तसा.

1807 ला ब्रिटनने व्यापार बंद केला आणि नौदल गुलामांची जहाजं पकडायला लागलं. चांगलं काम, वाद नाही. पण सोडवलेल्या माणसांमागे खलाशांना इनाम मिळायचं, दर ठरलेला: पुरुष 60 पौंड, बाई 30, पोर 10. म्हणजे सुटकेचं पण रेटकार्ड. या सोडवलेल्यांपैकी काही पोरं, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडलेल्या जहाजांवरची, मुंबईला आणली आणि तिथून नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या वसाहतीत ठेवली. आज शरणपूर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किती जणांना हे माहीत असेल? तिथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या इंग्रजी मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनच्या शोधात गेला, लिव्हिंगस्टन मेल्यावर त्याचं प्रेत किनाऱ्यापर्यंत चालत नेणाऱ्यांत होता आणि 1874 ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यसंस्काराच्या वेळी पेटीला हात लावणाऱ्यांत होता. जेकब वेनराइट हे नाव त्याला देण्यात आलेलं. आईने ठेवलेलं नाव आज किती जणांना माहीत आहे?

आणि मग 1833 चा कायदा, ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत गुलामी बंद. भरपाई ठरली 2 कोटी पौंड, सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळजवळ 40 टक्के. कुणाला? मालकांना. गुलामांना एक पेनी नाही, उलट अजून काही वर्षं 'शिकाऊ' म्हणून फुकट राबायचं, ते 1838 ला संपलं. त्यासाठी सरकारने 1835 ला दीड कोटी पौंडांचं कर्ज काढलं, आणि त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला कधी, तर 2015 ला. मी टायपो केलेला नाही, दोन हजार पंधरा. म्हणजे ज्यांचे पणजोबा जमैकात राबले आणि जे स्वतः लंडनमध्ये बस चालवत होते ते पण आपल्या टॅक्समधून मालकांची भरपाई फेडत होते. 2018 ला ब्रिटनच्या अर्थखात्याने हे मोठ्या अभिमानाने ट्वीट केलं, लोक भडकले, मग डिलीट केलं.

फ्रान्सने तर कमाल केली. हैतीच्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, 1825 ला फ्रान्सची लढाऊ जहाजं येऊन उभी राहिली, 15 कोटी फ्रँक द्या तर मान्यता देतो, आमच्या मालकांचं नुकसान झालंय. पुढे ते 9 कोटींवर आणलं, पण ते भरायला काढलेल्या कर्जांची फेड विसाव्या शतकापर्यंत चालू होती. सुटलेल्या माणसाने स्वतःची किंमत भरली.

म्हणून भरपाईची मागणी, जी कॅरिबियन देशांनी 2013 पासून एकत्र येऊन लावून धरलीये, ती मला अजिबात विचित्र वाटत नाही. "एवढ्या जुन्या गोष्टीचा हिशोब कसा करणार" म्हणतात. अहो हिशोब केलेला आहे! 1830 च्या दशकात कमिशनने सेहेचाळीस हजारांच्या आसपास दावे तपासले, कुठल्या मळ्यावर किती माणसं, मालक कोण, रक्कम किती, सगळं नावानिशी. ती वही लंडनच्या विद्यापीठाने आता सगळ्यांना बघायला खुली केलीये. हिशोब अवघड नव्हता तेव्हा, काही वर्षांतच पैसे पोचले. अवघड होतो तो घेणारा बदलला की. लॉइड्स ऑफ लंडन, जिथे या जहाजांचे विमे उतरायचे, त्यांनी 2020 च्या जूनमध्ये माफी मागितली. विमेवाल्याने माफी मागून क्लेम बंद केलेला मी तरी कधी बघितला नव्हता.

रोख रक्कम घरोघर वाटा असं मी म्हणत नाही, ते चालणार पण नाही, अर्धे पैसे मधल्यामधे जातील हे आपल्याला शिकवायची गरज नाही. कर्जमाफी, दवाखाने, शाळा, दप्तरं खुली करणं, हे त्या देशांनी मागितलेलंच आहे आणि ते करता येतं. एक इशारा मात्र आपल्या लोकांना. गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, पण असेच नेले, मॉरिशसला आपले कोकणातले मराठी पण गेले, तेही गुलामच, असं म्हणून दोन्ही एकाच पारड्यात घालू नका. गुलाम सुटल्यावर मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते म्हणूनच 1834 नंतर आपली माणसं नेली, हाल झाले, फसवलं, सगळं खरं. पण त्यांच्या कागदावर नाव होतं, गाव होतं, बापाचं नाव होतं, मुदत होती. त्यामुळे आज मॉरिशसचा माणूस तिथल्या दप्तरात जाऊन पणजोबाचं गाव शोधून काढतो आणि इथे येऊन रडतो. झोंगवरच्या 442 जणांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलेलं नाही.

1794 ला लिस्बनहून मोझांबिकला निघालेल्या साओ जोसे नावाच्या जहाजावर 1400 लोखंडी लगडी भरल्या होत्या. कशाला, तर माणूस हा माल म्हणून हलका पडतो, जहाज डुगडुगतं, तळाला वजन लागतं. मोझांबिकला 512 माणसं चढवली, ब्राझीलला जाताना केपटाऊनपाशी जहाज खडकावर फुटलं, 212 मेली, वाचलेली पुढच्या काही दिवसांत तिथेच विकून टाकली. समुद्राच्या तळाशी आता सांगाडे वगैरे काही नाही, त्या लगडी मात्र सापडल्या, जहाज ओळखायला त्यांचीच मोठी मदत झाली. टॅली क्लार्क, म्हणजे उतरणारे नग मोजून नोंदणारा, म्हणून काम केलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते. माणसं विरघळली आणि त्यांना तोलायला घेतलेलं लोखंड राहिलं.

आणि झोंगबद्दल एक गोष्ट राहिलीच. सुनावणीत आलंय की समुद्रात टाकलेल्यांपैकी एकाच्या हाताला जहाजाची लोंबणारी दोरी लागली, तो तिला धरून वर चढला आणि कुणाला कळू न देता परत जहाजात शिरला. किती जण टाकले याचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत जुळत नाही. मालकांच्या दाव्यात तर साठ तहानेने मेले, चाळीस जणांनी उड्या मारल्या, दीडशे टाकले असे चक्क गोल आकडे आहेत, असली टॅली शीट आमच्याकडे आणली असती तर मी तोंडावर फेकली असती. मी मात्र त्या एका माणसाच्या मागे लागलोय. बुडवलेल्या मालात त्याचे तीस पौंड धरले का जमैकाला उतरलेल्या 208 मध्ये त्याला मोजलं, का दोन्हीकडे.